दोन महायुद्धांमधली अमेरिका: समाज, पैसा आणि संस्कृती यांतील ताणतणाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नोव्हेंबर १९१८ मध्ये पहिले महायुद्ध थांबले आणि डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. या तेवीस वर्षांत त्या देशाने तेजी पाहिली आणि महामंदी सोसली, दारूबंदी आणली आणि उठवली, स्त्रियांना मताचा अधिकार दिला आणि स्थलांतरितांसाठी दरवाजा जवळजवळ लावून घेतला. या काळाविषयी विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे लिहिताना एक गोष्ट सतत समोर येत गेली. त्या काळातल्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी ‘देशाचा माणूस म्हणून कोणाला मोजायचे’ हा प्रश्न होता, आणि अनेकदा हे मोजणे अगदी शब्दशः जनगणनेच्या तक्त्यांवर चालले होते.

युद्ध जिंकल्यानंतर लगेचच, १९१९ मध्ये, एवढी अशांतता का माजली?

युद्धकाळात कारखान्यांना भरपूर काम होते, पण महागाईही तितक्याच वेगाने वाढत होती. १९१४ ते १९२० या सहा वर्षांत राहणीचा खर्च जवळपास दुप्पट झाला. युद्ध थांबताच सरकारी मागणी आटली, लाखो सैनिक काम शोधत घरी परतले आणि युद्धकाळात कामगारांना मिळालेल्या सवलती मालकांनी काढून घ्यायला सुरुवात केली. त्या एका वर्षात सुमारे ४० लाख कामगार संपावर गेले. फेब्रुवारीत सिॲटल शहर सार्वत्रिक संपाने थांबले, सप्टेंबरात बॉस्टनचे पोलीसच संपावर गेले आणि त्याच महिन्यात पोलाद कारखान्यांतला मोठा संप सुरू झाला.

रशियातल्या क्रांतीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, त्यामुळे पगारवाढीच्या साध्या मागणीतही अनेकांना क्रांतीची चाहूल ऐकू येऊ लागली. जूनमध्ये ॲटर्नी जनरल ए. मिचेल पामर यांच्या घरावर बाँब फेकला गेला आणि या भीतीला पुरावा मिळाल्यासारखे झाले. पामर यांनी नोव्हेंबर १९१९ आणि जानेवारी १९२० मध्ये देशभर छापे घालून हजारो लोकांना, अनेकदा वॉरंटशिवाय, अटक केली. अराजकवादी कार्यकर्त्या एमा गोल्डमन यांच्यासह २४९ जणांना ‘ब्यूफर्ड’ या जहाजात बसवून रशियाकडे धाडण्यात आले. पोलादाचा संप जानेवारीत मोडला. कामगार संघटना म्हणजे परकीयांचे कारस्थान, असा समज त्या वर्षाने पसरवला आणि पुढच्या दहा वर्षांत मालकवर्गाने तो पुरेपूर वापरला.

‘लाल उन्हाळा’ म्हणजे हीच साम्यवादाची भीती का?

नाही, जरी दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या असल्या तरी. १९१९ च्या उन्हाळ्यात उसळलेल्या वांशिक हिंसाचाराला हे नाव मिळाले. येथे ‘लाल’ हा शब्द रक्तासाठी आहे. युद्धकाळात दक्षिणेतले सुमारे पाच लाख कृष्णवर्णीय लोक शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा उत्तरेकडच्या शहरांत कामासाठी आले. घरे तेवढीच राहिली, नोकऱ्या युद्धानंतर घटल्या आणि वस्त्यांच्या अलिखित सीमा जिवापाड राखल्या जाऊ लागल्या. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोत मिशिगन सरोवरात पोहणारा एक कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावरून गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात वाहत गेला. काठावरून दगड फेकले गेले आणि तो बुडून मरण पावला. पोलिसाने दगड फेकणाऱ्याला पकडण्याचे नाकारले. नंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे होते.

शिकागोची आठवण सर्वांना असते, पण माझ्या मते आर्कान्सा राज्यातले एलेन हे गाव अधिक समजून घेण्यासारखे आहे. तेथे वाट्याने कापूस पिकवणारे कृष्णवर्णीय शेतकरी आपल्या कापसाचा चोख हिशेब मिळावा म्हणून संघटना बांधत होते. ३० सप्टेंबर १९१९ च्या रात्री एका चर्चमधल्या त्यांच्या सभेपाशी गोळीबार झाला. नंतरच्या दिवसांत सशस्त्र गोऱ्या टोळ्यांनी आणि सैनिकांनी किती जणांना मारले याचे अंदाज शंभरावरून पुढे जातात. शिक्षा मात्र फक्त कृष्णवर्णीयांना झाली. त्यांतल्या बारा जणांना फाशी ठोठावण्यात आली होती. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे असे ठरवले आणि अखेर ते सर्व सुटले. पिकाच्या हिशेबाची मागणी वांशिक बंड ठरवली जाते तेव्हा आर्थिक ताण कुठे संपतो आणि वांशिक ताण कुठे सुरू होतो, हे वेगळे काढता येत नाही.

टल्सामध्ये काय घडले?

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाकडून जाळली गेली. सुमारे ३५ ब्लॉक (चार रस्त्यांमधले घरांचे गट) राखेत गेले. पुढच्या वर्षी जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धचे विधेयक काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी ते रोखून धरले आणि या काळात तसा केंद्रीय कायदा झालाच नाही.

१९२० च्या जनगणनेला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण त्या जनगणनेत पहिल्यांदा शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर, म्हणजे सुमारे ५१ टक्के, भरली. ‘शहर’ शब्दाची व्याख्या तेव्हा २,५०० वस्तीपासून सुरू होत असे, त्यामुळे हा बदल वाटतो तितका मोठा नव्हता. तरीही ग्रामीण, प्रॉटेस्टंट अमेरिकेला तो जिव्हारी लागला. राज्यघटनेनुसार दर दहा वर्षांनी प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येप्रमाणे राज्यांत पुन्हा वाटायच्या असतात. १९२० नंतर काँग्रेसने हे वाटप केलेच नाही. स्थलांतरितांनी भरलेल्या शहरांकडे सत्ता जाऊ नये म्हणून जुनेच वाटप संपूर्ण दशकभर चालू राहिले. त्या देशाच्या इतिहासात असे दुसऱ्यांदा घडलेले नाही.

१९२४ च्या स्थलांतर कायद्यात १८९० ची जनगणना का वापरली?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याचा सगळा हेतू उघड करते. १९२१ च्या तात्पुरत्या कायद्याने प्रत्येक देशासाठी कोटा ठरवला. १९१० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत होते, त्यांच्या तीन टक्के. पण १९१० पर्यंत इटली, पोलंड, रशिया येथून कॅथलिक आणि ज्यू लोक मोठ्या संख्येने आलेले होते, त्यामुळे त्यांचा कोटाही मोठा निघत होता. १९२४ च्या जॉन्सन-रीड कायद्याने प्रमाण दोन टक्क्यांवर आणले आणि पाया मागे सरकवून १८९० चा धरला, कारण तेव्हा ही माणसे अजून फारशी आलेली नव्हती. इटलीचा वार्षिक कोटा ४२,००० च्या आसपास होता तो ३,८४५ वर आला. आशियातल्या लोकांना तर जवळजवळ पूर्ण मज्जाव झाला. कोणत्याही देशाचे नाव घेऊन त्याला हीन न म्हणता, केवळ एक जुना तक्ता उघडून, हे साधले गेले.

मेक्सिकोला मात्र कोटा नव्हता. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या बड्या शेतमालकांना स्वस्त मजूर हवे होते आणि त्यांचा शब्द काँग्रेसमध्ये चालत असे.

कू क्लक्स क्लॅन ही केवळ दक्षिणेतली संघटना होती का?

गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी ही संघटना दोनदा उभी राहिली. गृहयुद्धानंतरची पहिली संघटना दक्षिणेतली होती. १९१५ मध्ये जॉर्जियात पुन्हा उभी राहिलेली दुसरी मात्र देशभर पसरली आणि तिचे बळ इंडियाना, ओहायो, ओरेगन अशा राज्यांतही होते. तिचा रोख कृष्णवर्णीयांबरोबरच कॅथलिक, ज्यू आणि स्थलांतरित यांच्यावर होता. सदस्यसंख्या काही दशलक्षांत मोजली जाते. ८ ऑगस्ट १९२५ रोजी तिच्या हजारो सदस्यांनी राजधानी वॉशिंग्टनमधून चेहरे उघडे ठेवून मिरवणूक काढली. लपण्याची गरजच त्यांना वाटत नव्हती, ही त्या दृश्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. त्याच वर्षी इंडियानातला तिचा प्रमुख डी. सी. स्टीव्हन्सन एका तरुणीच्या अपहरण, अत्याचार आणि मृत्यूच्या प्रकरणात दोषी ठरला आणि संघटना वेगाने ओसरली.

त्या काळी अमेरिकेत असलेल्या भारतीयांचे काय झाले?

अमेरिकन नागरिकत्व तेव्हा ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळत असे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही तसे नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांनी तोच निकष धरून दावा मांडला. तेव्हाचे वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटात धरत होते. त्यांची बाजू सखाराम गणेश पंडित हे वकील मांडत होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायालयाने निकष बदलला. शास्त्र काहीही म्हणो, सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय माणूस गोरा नाही, असा निकाल दिला गेला. तो लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले स्थलांतरित होते.

थिंद यांनी आपला युक्तिवाद उच्च जातीच्या ‘आर्य’पणावरही उभा केला होता, हे आपण झाकून ठेवू नये. एका देशातली उतरंड दुसऱ्या देशातल्या उतरंडीत वरची पायरी मिळवण्यासाठी पुढे केली गेली आणि तिचा उपयोग झाला नाही.

निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्याच्या कारवाया सुरू झाल्या आणि नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना जमीन घेऊ न देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे त्यांच्या जमिनीही धोक्यात आल्या. असे नागरिकत्व गमावलेले सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित यांनी स्वतःविरुद्धची कारवाई मात्र न्यायालयात परतवली. बायकांनाही याची झळ पोहोचली. १९२२ च्या केबल कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे, आणि क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पत्नी मेरी यांचे नागरिकत्व असेच गेले.

डॉ. आंबेडकरांनी हा काळ तेथे विद्यार्थी म्हणून अनुभवला का?

नाही. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे शिक्षण १९१३ ते १९१६ या काळात झाले, म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरण्यापूर्वीच ते लंडनला गेले होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील १९२० च्या दशकातली साहित्यिक चळवळ त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिली असे जे लिहिले जाते, ते कालक्रमात बसत नाही.

दारूबंदी फसली, हे सरसकट म्हणणे बरोबर आहे का?

पूर्णपणे नाही. अठरावी घटनादुरुस्ती १७ जानेवारी १९२० रोजी अमलात आली, आणि पहिल्या काही वर्षांत दारूचे सेवन खरोखरच घटले, विशेषतः कामगारवस्त्यांत. तिच्यामागे नवऱ्याच्या व्यसनाने संसार मोडलेल्या स्त्रियांची अनेक दशकांची चळवळ होती, हे विसरता कामा नये. पण तिच्यामागे जर्मन नावांच्या बिअर कारखानदारांविषयीचा युद्धकालीन द्वेष आणि आयरिश-इटालियन शहरांविषयीची तिरस्कारयुक्त भीतीही होती. उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी होती, पिण्यावर नव्हती. त्यामुळे ज्यांनी आधीच तळघरे भरून ठेवली ते श्रीमंत सुखात राहिले आणि चोरट्या गुत्त्यांवर धाडी पडल्या त्या मुख्यतः गरिबांच्या वस्तीत. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा येथे वेगळा ठरतो, कारण त्यात परवान्याशिवाय पिणे हाही गुन्हा आहे.

टोळ्यांनी या धंद्यात अफाट पैसा केला. शिकागोच्या अल कपोनला १९३१ मध्ये शिक्षा झाली ती करचुकवेगिरीबद्दल. मंदीत सरकारला करांची आणि लोकांना कामाची गरज भासली, आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने ही बंदी उठली.

डेटनचा ‘माकड खटला’ म्हणजे विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा एवढेच का?

टेनेसी राज्याने मार्च १९२५ मध्ये सरकारी शाळांत मानवाच्या उत्क्रांतीचा सिद्धांत शिकवण्यास बंदी घातली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने या कायद्याला आव्हान देणारा शिक्षक हवा असल्याची जाहिरात दिली. गावाचे नाव होईल या आशेने डेटनच्या काही प्रतिष्ठित मंडळींनी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकाला तयार केले. बचावाला क्लॅरेन्स डॅरो आणि फिर्यादीच्या बाजूला तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. शिकागोच्या रेडिओ केंद्राने कामकाज थेट प्रसारित केले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला, पुढे तो तांत्रिक चुकीमुळे रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत राहिला.

ब्रायन यांना केवळ विदूषक ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ते आयुष्यभर कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बाजूने बोलले होते आणि ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्व समाजाला लावले जाईल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. स्कोप्सच्या वर्गातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातच मानवी वंश ‘सुधारण्या’चा प्रचार होता, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनियाचा कायदा उचलून धरला. उत्क्रांतीचे शास्त्र खरे होते. त्याच्या नावाने चाललेले राजकारण क्रूर होते. डेटनमध्ये या दोन गोष्टी कोणीही वेगळ्या केल्या नाहीत.

मताधिकार मिळाल्यावर स्त्रियांची स्थिती बदलली का?

ऑगस्ट १९२० मध्ये एकोणिसावी घटनादुरुस्ती संमत झाली, तीही टेनेसीच्या विधिमंडळात एका तरुण सदस्याने आईच्या पत्रावरून मत बदलल्यामुळे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र मतदानकर आणि साक्षरता परीक्षांमुळे तो हक्क फारसा वापरताच आला नाही. मंदी येताच विवाहित स्त्रीने नोकरी करणे म्हणजे पुरुषाचा घास हिरावणे, असे उघड बोलले जाऊ लागले. १९३२ च्या कायद्याने पती-पत्नी दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यास एकाला आधी कमी करण्याची तरतूद झाली. व्यवहारात नोकरी गेली ती बहुधा पत्नीची.

जाझ संगीतावरून वाद का होता?

जाझ न्यू ऑर्लिन्समधल्या कृष्णवर्णीयांचे संगीत होते आणि रेकॉर्ड व रेडिओमुळे ते गोऱ्या घरांतल्या दिवाणखान्यात पोहोचले होते. तरुण पिढीला त्यात मोकळेपणा दिसला, वडीलधाऱ्यांना नीतीचा ऱ्हास. हार्लेमच्या ‘कॉटन क्लब’मध्ये १९२७ पासून ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजत असे, पण गिऱ्हाईक म्हणून तेथे गोऱ्यांनाच प्रवेश होता. कला हवी, कलावंत शेजारी नको, असा तो व्यवहार होता.

याची एक शाखा मुंबईपर्यंत आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि गोव्याच्या वादकांनी ही शैली आत्मसात केली. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक पुढे सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात वाजवू लागले, आणि मराठी श्रोत्यांच्या कानांवर हार्लेमची लय नकळत पडली.

१९२० च्या दशकातली तेजी खरी होती का?

शहरांसाठी बरीचशी खरी होती. १९०८ मध्ये ८५० डॉलरना मिळणारी फोर्डची मोटार दशकाच्या मध्यास ३०० डॉलरच्या आत आली आणि निम्म्याहून अधिक मोटारी हप्त्यांवर विकल्या जाऊ लागल्या. शेतकऱ्यांसाठी मात्र मंदी १९२० मध्येच सुरू झाली. युद्धात युरोपला धान्य हवे म्हणून त्यांनी कर्ज काढून जमीन आणि ट्रॅक्टर घेतले. युरोपची शेती सावरताच दोन डॉलरच्या वर असलेला गव्हाचा बुशेलचा (धान्याचे एक माप) भाव वर्षभरात निम्म्यावर आला. कर्ज मात्र जुन्या भावाचेच राहिले. भाव सावरण्यासाठीचे विधेयक काँग्रेसने दोनदा मंजूर केले आणि अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ व १९२८ मध्ये दोन्ही वेळा ते नाकारले. १९३५ सालीही दहा शेतघरांपैकी साधारण एकाकडेच वीज होती.

मंदीत लोकांचा राग कोणावर निघाला?

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, हजारो बँका बुडाल्या आणि १९३३ पर्यंत चारांतला एक कामगार बेकार झाला. नेमके किती बेकार आहेत हे सांगणारी नियमित सरकारी पाहणी तेव्हा नव्हतीच. ती १९४० मध्ये सुरू झाली.

आयोवातल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवून दूध शहरांत जाऊ दिले नाही. जप्तीच्या लिलावात शेजारी जमत, गायीला पाच सेंट आणि नांगराला दहा सेंट अशी बोली लावत, बाहेरच्याला तोंड उघडू देत नसत आणि सगळे पुन्हा मूळ मालकाच्या हवाली करत. एप्रिल १९३३ मध्ये ल मार्स गावी जप्त्या थांबवण्याचे वचन न देणाऱ्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून त्याच्या गळ्यात दोर घालण्यात आला. हे पिढ्यान्‌पिढ्या कायदा पाळणारे, चर्चला जाणारे शेतकरी होते.

१९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, १९४५ मध्ये मिळायचा युद्धभत्ता आत्ताच द्या, ही मागणी घेऊन वॉशिंग्टनला आले. लष्करात वेगळ्या ठेवलेल्या काळ्या आणि गोऱ्या सैनिकांनी तेथे उभारलेल्या झोपड्यांत शेजारी शेजारी मुक्काम केला. २८ जुलैला जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या सैनिकांनी अश्रुधूर आणि रणगाडे घेऊन त्यांना हुसकावले आणि झोपड्या पेटल्या.

मेक्सिकन लोकांवर निघालेला राग शांतपणे, कागदोपत्री निघाला. १९३० च्या जनगणनेत प्रथमच ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश नोंदवला गेला. पुढच्या काही वर्षांत छापे, धमक्या आणि फुकट रेल्वे तिकिटे यांच्या बळावर लाखो लोकांना सीमेपलीकडे पाठवण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्मानेच नागरिक असलेली मुले मोठ्या संख्येने होती.

अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीविरोधी कार्यक्रमाने हे ताण मिटवले का?

काही मिटवले, काही नव्या कायद्यांत मुरवले. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटना बांधण्याचा हक्क दिला, आणि त्याच्या बळावर फ्लिंटमधल्या मोटार कामगारांनी कारखान्यातच ठिय्या देऊन ४४ दिवसांनी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, जनरल मोटर्सकडून मान्यता मिळवली. पण १९३५ च्याच सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. हे दक्षिणेच्या खासदारांच्या दबावामुळे झाले की वर्गणी गोळा करण्याच्या अडचणीमुळे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वगळलेल्यांच्या म्हातारपणात मात्र त्या वादाने फरक पडला नाही.

कापसाचे भाव वाढावेत म्हणून १९३३ मध्ये सुमारे एक कोटी एकरांवरचे उभे पीक नांगरून टाकायला लावले गेले. भरपाई जमीनमालकाच्या हातात पडली आणि कसणाऱ्याची गरज संपल्याने त्याला हाकलण्यात आले. म्हणून जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून एकच संघटना स्थापन केली. एलेनचा रक्तपात याच राज्यात, पंधरा वर्षांपूर्वी झाला होता.

या काळातले कायदे कधी बदलले?

जून १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याचा इशारा दिल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण कारखान्यांतल्या भरतीत वांशिक भेदभावाला मनाई केली. भारतीयांना नागरिकत्व घेण्याचा अधिकार १९४६ मध्ये मिळाला आणि त्यासोबत संपूर्ण देशासाठी वर्षाला सुमारे १०० जणांचा कोटा आला. देशांनुसार ठरवलेल्या कोट्यांची पद्धत १९६५ च्या कायद्याने रद्द झाली.